रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते पुरवण्याचे कायदेशीर बंधन राज्यावर घालणारी महाराष्ट्र शासनाची योजना. कागदोपत्री ‘रोहयो’, गावात नुसतीच ‘रोजगार हमी’. राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने तो कायद्यात आणला आणि तसे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. गांधीविचाराचे, संतवाङ्मयाचे अभ्यासक असलेले पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. 1960 च्या दशकाच्या मध्याला त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ती मांडली आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. 1972 मध्ये योजना राज्यभर लागू करायचे ठरले, तोच दुष्काळ कोसळला आणि तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे या कामांवर होती. खडी फोडणे, बंडिंग (शेताला बांध घालणे), रस्ते, पाझर तलाव. खायला सुकडी (वाटप होणारा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या पिढीच्या आठवणीत दुष्काळी काम आणि रोजगार हमी एकच होऊन बसली आहेत. शासनाच्या लेखी मात्र दोन्ही वेगळी: दुष्काळी काम सरकार टंचाई जाहीर करते तेव्हा निघते, हमीचे काम मजूर मागेल तेव्हा. हा फरक लहान वाटतो, पण योजनेचा सगळा राजकीय अर्थ त्यात आहे. एवढी माणसे एका ठिकाणी जमली की मजुरी आणि मापांवरून मोर्चे निघतात, हेही त्या दोन वर्षांत दिसले. डाव्या आणि समाजवादी संघटनांनी या कामांवरच मजुरांना एकत्र केले आणि ‘काम द्या’ ही मागणी तहसील कचेरीपर्यंत नेली.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. पैसा कोठून आणायचा, याला सापडलेले उत्तर आजही अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा कापला जाणारा 200 रुपयांचा (फेब्रुवारीत 300) व्यवसाय कर 1975 च्या कायद्याने आला, तो रोजगार हमीसाठी. त्या काळी घटनेनुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या घटनादुरुस्तीने ती 2500 झाली. जोडीला मोटार वाहनांवरील व विक्रीकरावरील अधिभार, बागायत जमिनीवरील आकारणी आणि या सर्व रकमेइतकाच राज्याचा वाटा. मुंबई-पुण्याच्या कमाईतून कोरडवाहू गावाची मजुरी देण्याची ही व्यवस्था. शहरांनी ती फारशी कुरकुर न करता मान्य केली. त्यामागे उदारपणा होता तसे गणितही होते: गावात काम मिळाले तर शहरात येणारे लोंढे थोपतील. बागायतदारांनाही पाझर तलाव, बांध आणि रस्ते हवेच होते.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो 26 जानेवारी 1979 रोजी अमलात आला. मजुराने नोंदणी करून काम मागायचे. 15 दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. भत्त्याचा किमान दर दिवसाला 1 रुपया ठेवला होता, यावरून शासनाला तो कितपत द्यायचा होता हे समजते. प्रत्यक्षात तो क्वचितच कुणाच्या हाती पडला. ज्याला काम मागायचे त्याला अर्जाची पोच मिळणे अवघड, आणि पोच नाही तर मागणीचा पुरावा नाही. म्हणून अनेक श्रमिक संघटनांची लढाई मजुरीच्या दराइतकीच त्या पोचपावतीसाठी झाली.

काम सुरू करायला साधारणपणे किमान 50 मजूर लागत. खर्चाचा किमान 60 टक्के भाग मजुरीवर व्हावा, असा दंडक होता. कामे ‘शेल्फवर’, म्हणजे मागणी येण्याआधीच आखून तयार ठेवायची, मंजुरी महसूल खात्याने द्यायची आणि अंमलबजावणी पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन या खात्यांनी किंवा जिल्हा परिषदेने करायची. मजुरी दिवसावर नव्हे, मापावर. खणलेल्या मातीचे माप घेऊन हिशेब होई. जमीन मुरमाड की कठीण, हे ठरवणाऱ्याच्या हाती मजुराचा आठवडा असे. खोटी मस्टरे (हजेरीपत्रके) आणि नसलेल्या मजुरांच्या हजेऱ्या ही योजनेची कायमची बदनामी. तरीही स्त्री आणि पुरुषाला कामाचा एकच दर, ही गोष्ट ज्या गावांत शेतावर बाईची मजुरी सर्रास कमी होती तिथे साधी नव्हती. स्त्रियांची हजेरी अनेक ठिकाणी पुरुषांच्या बरोबरीला पोचली. कामावर मुलांसाठी पाळणाघर, सावली आणि पिण्याचे पाणी असावे, हे नियमात होते. पाळणाघर बहुधा नियमातच राहिले.

1980 च्या दशकाच्या मध्याला योजनेवर वर्षाला 18 कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम होत होते. 1988 मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि त्यानंतर हे आकडे झपाट्याने खाली आले. मागणीच घटली, असे शासन म्हणे. अनेक अर्थतज्ज्ञांना वाटे की खर्च वाढला म्हणून कामे उघडणेच कमी केले गेले, आणि मोठ्या प्रमाणावर तेच खरे असावे. कारण पुढे व्यवसाय कराचा पैसा जमत राहिला आणि हमी निधीत कागदोपत्री हजारो कोटी रुपये पडून असल्याचे निघाले.

डाव्या अभ्यासकांचा मूळ आक्षेप वेगळा होता. मजुराला मिळाली ती त्या आठवड्याची मजुरी. तलाव, बांध, विहीर आणि रस्ता यांचा कायमचा लाभ जमीनवाल्याला. भूमिहीनाने खणायचे आणि पाझरलेले पाणी बागायतदाराच्या विहिरीत जायचे. 1990 मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेल्यावर हे अधिक उघड झाले. त्या कार्यक्रमाने राज्यात आंबा, काजू, डाळिंब आणि बोरांचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात वाढले, कोकणातील ओसाड वरकस जमिनी हिरव्या झाल्या. ते यश नाकारण्याचे कारण नाही. पण त्यासाठी स्वतःच्या नावे सातबारा लागे.

केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा 2005 मध्ये आला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. राष्ट्रीय कायद्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती, म्हणून 100 दिवसांपुढचा खर्च राज्याने उचलायचे ठरले. नियोजनात ग्रामपंचायतीला मोठे स्थान मिळाले आणि मजुरी बँक किंवा टपाल खात्यात जाऊ लागली. त्यामुळे रोखीतली लूट कमी झाली, पण पैसे आठवडे आठवडे अडकू लागले.

बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचे स्थलांतर योजनेला कधीच थांबवता आले नाही, ते बरेचसे याच कारणाने. मजूर पुरवणारा मुकादम कामाआधीच कोयत्यामागे (ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यामागे) उचल देतो आणि त्या रकमेतून दवाखाना, लग्न, जुने देणे भागते. रोजगार हमीचे पैसे आधी काम, मग माप, मग मस्टर आणि मग खाते अशा क्रमाने येतात.