दूध-भाकरीवर फर चमकत नाही

मांजर दहा-बारा वर्षांचं झालं की म्हातारपण सगळ्यात आधी त्याच्या पाठीवर दिसतं. केस राठ होतात, शेपटीच्या बुडाशी गुठळ्या होतात, हात फिरवला की कोंडा झडतो. मग सल्ले सुरू होतात. दूध वाढवा. भाकरी कुस्करून त्यात करडईचं तेल घाला. दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. पहिल्यात जवळपास काहीच नाही, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन, म्हणजेच प्रथिन. मांजराच्या अंगावर केस इतके दाट असतात की कातडी आणि फर राखण्यातच रोजच्या प्रथिनांचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त खर्च होऊ शकतो. पण प्रथिनं कमी पडली की हृदय, यकृत, रक्त आपापला वाटा आधी उचलतात आणि फर पंगतीत शेवटी बसते. माणसाचं किंवा कुत्र्याचं शरीर अशा वेळी प्रथिनं मोडण्याचा वेग बराच कमी करतं. मांजराच्या यकृताला ते फारसं जमत नाही. ताटात मांस नसलं तर ते स्वतःचे स्नायू मोडून काम भागवतं. ज्वारीची भाकरी आपल्यासाठी उत्तम, पण निव्वळ तिच्यावर मांजराची फर उभी राहत नाही.

म्हातारपणी हे जास्तच बोचतं. बारा वर्षांपुढच्या मांजरांपैकी साधारण एक तृतीयांश मांजरांना स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि चौदा वर्षांपुढच्या सुमारे एक पंचमांश मांजरांत प्रथिनांचं पचन मंदावतं. म्हणजे खाणं तेवढंच राहिलं तरी अंगी कमी लागतं. ‘वय झालंय, आता हलकं द्या’ म्हणून दूधभातावर ठेवणं नेमकं उलटं पडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं आणि फॉस्फरसचं गणित डॉक्टरांनीच मांडायचं.

आता करडई. आपल्या सोलापूर जिल्ह्यात शाळूच्या जोडीनं येणारं हे रब्बीचं पीक. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक हे स्निग्धाम्ल भरपूर असतं. ते कातडीतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे कोंडा कमी होऊ शकतो. हेच त्या सल्ल्यातलं तथ्य. पण मांजराला अ‍ॅराकिडॉनिक हे दुसरं स्निग्धाम्लही लागतं. आपलं शरीर ते लिनोलेइकपासून बनवतं, मांजराच्या यकृतात मात्र त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) फारच दुबळं असतं. जवसाचीही तीच गत: त्यातलं ओमेगा-३ मांजराला कामाच्या रूपात फारसं बदलता येत नाही. ते रूप तयार मिळतं माशात, तेही बांगडा किंवा तारलीसारख्या तेलकट माशात. उजनी धरणातली चिलापी प्रथिनांसाठी चांगली, पण तिच्यात हे तेल कमी. कुठलाही मासा शिजवून आणि काटे काढूनच द्यावा. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. रोज फक्त मासेच दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, म्हणून आठवड्यात एक-दोनदा पुरे. माशाच्या तेलाची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. माणसाची गोळी चार किलोच्या जिवाला जड होते.

काळ्या बोक्याचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. काळे केस तांबूस-तपकिरी दिसायला लागले की आपण उन्हाला दोष देतो. सोलापूरचं ऊन पाहता तो पटतोही. पण काळा रंग देणारं मेलॅनिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनाच्या एका घटकापासून, बनतं आणि टायरोसिन बनतं फेनिलअ‍ॅलनिनपासून. अन्नात ही दोन्ही कमी असली तर काळं मांजर तांबूस होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. अंगाच्या वाढीला जेवढी ही आम्लं पुरतात, त्याहून बरीच जास्त गडद काळ्या रंगासाठी लागतात. त्यामुळे धडधाकट, वजन राखून असलेलं मांजरही फिकं पडू शकतं. पांढऱ्या मांजरात हीच उणीव डोळ्यांना दिसतच नाही.

उकडलेलं चिकन, त्यातही पायाचं मांस आणि काळीज, म्हणजे हृदय, या कामी चांगलं. त्यात टॉरिन असतं, ते मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. उकडताना ते पाण्यात उतरतं, म्हणून पाणी फेकू नये, ताटात ओतावं. कलेजी थोडीच द्यावी: रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेचे मणके जखडतात. अंडं शिजलेलं द्यावं, कच्चा पांढरा बलक बायोटिन अडवतो. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून रोजचा मुख्य आहार मांजरासाठी बनवलेलं संपूर्ण खाद्य ठेवणं आणि वर हे थोडं घालणं, हा मला सगळ्यात सोपा मार्ग वाटतो.

पातेल्यातला रस्सा मात्र नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. शेंगाचटणी लागलेला भाकरीचा तुकडाही त्याच यादीत, कारण तिच्यात लसूण असतोच.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला तरी म्हातारं मांजर पाण्याकडे फिरकत नाही. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याची तहान मुळातच कमी. कोरड्या खाद्यात पाणी साधारण दहा टक्के, ओल्यात पंचाहत्तरच्या वर. उन्हाळ्यात ओलं खाद्य किंवा मीठ-मसाला न घातलेलं चिकनचं पाणी द्यावं.

कधी कधी दोष ताटात नसतोच. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या एक्स-रे चित्रांची पाहणी झाली तेव्हा नव्वदांत सांध्यांची झीज दिसली. कंबर वळत नसेल तर पाठ चाटणार कशी? तिथे मासा काही करत नाही, कंगवा करतो. दात दुखत असतील तरी चाटणं थांबतं. भूक वाढूनही वजन उतरणं हे थायरॉइडचं किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. एकदम पाणी जास्त प्यायला लागणं मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात दिसतं. अशा वेळी खाद्य बदलण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. रुसून दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थेट डॉक्टरांकडे न्यावं, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि लठ्ठ मांजराच्या तर फार लवकर. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, कारण बाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला आता काहीही खाऊ घालता येत नाही, चमक येते ती नव्यानं उगवणाऱ्या केसात.