ऑक्झॅलिसचे कंद आणि त्यांनी सोबत आणलेलं ऋतुचक्र

ऑक्झॅलिस लावणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा धक्का बसतो. काही महिने भरभरून फुललेली कुंडी एकाएकी पिवळी पडते, पानं माना टाकतात आणि बघता बघता मातीवर काहीच उरत नाही. पाणी कमी पडलं असेल असं वाटून आणखी पाणी घातलं जातं. मातीखाली कंद फक्त विसावलेला असतो, तो त्या जादा पाण्याने खरोखरच कुजतो. ही झाडं कधी जागी होतात आणि कधी झोपतात हे समजून घ्यायचं, तर ती कुठून निघाली आणि आपल्यापर्यंत कशी पोचली तिथपासून सुरुवात करायला हवी.

ऑक्झॅलिस ही 500हून अधिक जातींची मोठी प्रजाती आहे. कुंडीच्या कडेला न बोलावता उगवणारी, पिवळ्या फुलांची आंबुशी तिच्यातलीच, पण आंबुशीला कंद नसतो. कंदवाल्या जातींची माहेरं मुख्यतः दोन : आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा केप प्रदेश आणि अमेरिका, त्यातही मेक्सिको, ब्राझील आणि अँडीज. एकट्या दक्षिण आफ्रिकेत 200हून जास्त जाती आहेत. केपच्या पश्चिम भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. तिथल्या ऑक्झॅलिसने आयुष्य त्याला जुळवून घेतलं. थंडीची चाहूल लागली की पानं, मग फुलं, आणि ऊन तापू लागलं की सगळा ऐवज कंदात साठवून मातीखाली मुक्काम.

1652 साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला जहाजांसाठी ठाणं उभारलं. त्यानंतर युरोपात जाणाऱ्या जहाजांतून तिथले कंदही जाऊ लागले. जिवंत रोपं खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी वाटेतच दगावत. सुप्तावस्थेतला कंद मात्र कोरड्या वाळूत किंवा कागदात गुंडाळून महिनोन्‌महिने टिकत असे. ऑक्झॅलिस जगभर का पोचली याचं मला सर्वांत पटणारं कारण हेच आहे.

1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या प्रजातीच्या काही जाती नोंदवल्या, पण खरी भर पडली ती पुढच्या चाळीसेक वर्षांत. लिनियसचा शिष्य कार्ल पेटर थुनबर्ग 1772 ते 1775 या काळात केपला होता आणि 1781 मध्ये त्याने ऑक्झॅलिसवर स्वतंत्र प्रबंध काढला. त्याच सुमारास लंडनच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन याला केपला धाडलं होतं. थुनबर्ग आणि मॅसन यांनी काही सफरी बरोबरच केल्या. 1786 मध्ये व्हिएन्नाहून फ्रान्झ बूस आणि गेऑर्ग शोल हे दोन माळी सम्राटाच्या शोनब्रुन बागेसाठी केपला आले. बूस लवकर परतला, शोल मात्र अनेक वर्षं तिथेच राहून कंद गोळा करत राहिला.

ते कंद व्हिएन्नात ज्याच्या देखरेखीखाली फुलले, तो वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस योझेफ फॉन जॅक्विन. 1794 मध्ये त्याने केवळ ऑक्झॅलिसवर ग्रंथ काढला. त्यात 81 चित्रं आहेत, बहुतेक हाताने रंगवलेली. वाळवलेल्या नमुन्यात ऑक्झॅलिसची पाकळी कागदासारखी पातळ होते आणि रंग उडून जातो. त्यामुळे जिवंत, फुललेल्या रोपांवरून काढलेल्या या चित्रांचं मोल फार मोठं. ग्रंथाबद्दल मला विशेष आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. इतक्या जाती फुलवायच्या, तर त्यांची देखभाल जमायलाच हवी, आणि व्हिएन्नातल्या माळ्यांनी ती जमवली होती.

त्यांच्यापुढची अडचण साधी नव्हती. दक्षिण गोलार्धातला हिवाळा म्हणजे उत्तरेचा उन्हाळा. कंद मात्र महिना मोजत नाही. त्याला कळते ती गारवणारी रात्र आणि ओली होणारी माती. म्हणून एक विश्रांती पार पडली की तो नव्या गोलार्धातल्या ऋतूंशी जुळवून घेतो. आजही नियम तोच. केपच्या जाती, उदाहरणार्थ व्हर्सिकलर, हिर्टा, पर्प्युरिया आणि बोवी, उन्हाळा उतरून रात्री गार होऊ लागल्या की लावाव्यात. (बोवी हे नाव 1816 ते 1823 या काळात क्यूसाठी केपला वनस्पती गोळा करणाऱ्या जेम्स बोवीवरून पडलं.) कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवावी, पानं फुटल्यावर नियमित पाणी द्यावं आणि पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद करावं. मग कुंडी उचलून कोरड्या सावलीत ठेवून द्यावी. कंद 2-3 सेंमी खोल पुरेसा. मातीत निम्मी जाडसर वाळू असली तर उत्तम. नत्राचा मारा केला तर नुसती पानं माजतात.

ऊन मात्र भरपूर हवं. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी या फुलांच्या पाकळ्या गुंडाळल्या जातात. व्हर्सिकलरचं सौंदर्य खरं तर त्या गुंडाळलेल्या अवस्थेतच आहे. तिची पाकळी आतून पांढरी, पण बाहेरच्या बाजूला एका कडेने लाल रेघ असते. कळी पीळ घालून मिटली की त्या रेघा लाल-पांढऱ्या चक्राकार पट्ट्यांसारख्या दिसतात, आणि ऊन पडून फूल उमललं की वरून नुसतं पांढरंशुभ्र दिसतं.

अमेरिकन जातींचं गणित उलटं आहे. मेक्सिकोतली टेट्राफिला, चार पानांची आणि मधोमध तपकिरी फुलीची, उन्हाळी पावसावर वाढते. म्हणून ती ऊब आल्यावर लावायची आणि थंडीत झोपू द्यायची. ही उपटून पाहिली तर कंदाखाली पांढुरकं, जवळजवळ पारदर्शक, मुळ्यासारखं जाड मूळ दिसतं आणि कंदाभोवती पिल्लांचा, म्हणजे छोट्या कंदांचा, घोळका. जांभळ्या पानांची ट्रायअँग्युलॅरिस ब्राझीलची. 1816 ते 1822 दरम्यान ब्राझीलमध्ये फिरलेल्या ओग्युस्त द सेंत-इलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला नाव दिलं. तिच्या मातीखाली गोल कंदाऐवजी गुलाबीसर खवल्यांच्या कांड्या असतात. तिला कोरडा उन्हाळा माहीत नाही, त्यामुळे ठरलेली झोपही नाही. पाणी मिळत राहिलं तर ती वर्षभर पानं धरते. थकल्यासारखी दिसली तर महिनाभर पाणी तोडावं, ती नव्याने फुटते. संध्याकाळी तिची पानं छत्रीसारखी खाली मिटतात. तो आजार समजू नये. चार्ल्स डार्विनने 1880च्या ग्रंथात वनस्पतींच्या हालचालींचा अभ्यास मांडला, त्यात ऑक्झॅलिसच्या पानांची ही रात्रीची झोपही आहे. अँडीजमधली ओका ही आणखी एक कंदवाली, तिथलं बटाट्याच्या जोडीचं जुनं अन्नपीक. दिवस लहान होऊ लागल्यावरच ती कंद धरते.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगताना हात आखडता घेऊन चालणार नाही. केपची पिवळी पेस-काप्रे 19व्या शतकाच्या सुरुवातीला माल्टाच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली असं मानलं जातं. ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातही ती शोभेची म्हणून आली आणि तण होऊन बसली. गंमत म्हणजे भूमध्य प्रदेशात ती मुख्यतः बी न धरताच पसरली. ऑक्झॅलिसच्या अनेक जातींत तीन प्रकारची फुलं असतात, प्रत्येक प्रकारात स्त्रीकेसराची लांबी वेगळी. दोन वेगळे प्रकार जवळ असतील तरच नीट बी धरतं. 1877 मध्ये डार्विनने या त्रिरूपतेवर सविस्तर लिहिलं. भूमध्य प्रदेशात पसरली ती बहुतांशी एकाच, आखूड स्त्रीकेसराच्या प्रकाराची रोपं.

मग पसरली कशी? कंदातून दोऱ्यासारखा बारीक दांडा वर येतो आणि मातीच्या पृष्ठभागाशी पानांचा झुबका तयार करतो. त्या दांड्यावर मातीखाली जागोजागी छोटे कंद धरतात. सोबत एक फुगीर मूळ असतं. ते आकसलं की कंद आणखी खोल ओढले जातात. रोप धरून खेचलं तर दांडा तुटतो, कंद तिथेच राहतात, आणि नांगर किंवा खुरपं फिरलं की ते चहूकडे पांगतात. ते काढायचेच तर जुना कंद रिता झालेला आणि नवे भरलेले नसतात तेव्हा, म्हणजे फुलं येण्याच्या जरा आधी, आजूबाजूच्या मातीसकट काढावेत. गुलाबी फुलांच्या लॅटिफोलिया आणि डेबिलिस या अमेरिकन जाती बागांमध्ये असाच उच्छाद मांडतात.

म्हणूनच माझं मत ठाम आहे : कंदवाली ऑक्झॅलिस कुंडीतच लावावी, आणि नवीन जात तर निश्चितच. केपच्या सगळ्याच जाती काही आक्रमक नसतात. वनस्पतींचा अभ्यासक टेरेन्स मॅक्लीन सॉल्टरने दक्षिण आफ्रिकेतल्या ऑक्झॅलिसच्या वर्गीकरणाची जी सखोल फेरमांडणी 1944 मध्ये प्रसिद्ध केली, तीत बियांचे वेगवेगळे प्रकारही नोंदले आहेत. केपच्या कित्येक जातींचं बी साठवता येत नाही, पडताच काही दिवसांत रुजतं. अशा नाजूक जातींची मूळ जागा गव्हाची शेतं आणि द्राक्षमळ्यांनी वेढली आहे. त्या जतन करणाऱ्याने कंदाच्या पाकिटावर जातीचं नाव आणि मूळ प्रदेश लिहून ठेवावा. लेबल हरवलं की पाणी कधी द्यायचं हेही कळेनासं होतं.

पानांची आंबट चव ऑक्झॅलिक आम्लाची. ऑक्झॅलिसच्या पाल्यापासून मिळणारं आणि साखरेपासून तयार होणारं आम्ल एकच आहे हे रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीलेने 1784 मध्ये दाखवलं. एखादं पान चघळल्याने बिघडत नाही, पण मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावं आणि पाळीव जनावरांना पाला भरपूर खाऊ देऊ नये. कुंडी बदलताना जुनी माती चाळून घ्यावी. तांदळाएवढी पिल्लंही हाताला लागतात, ती वेगळी काढावीत. चाळलेली ती माती वाफ्यात किंवा खताच्या ढिगावर टाकू नये.