मणक्याचा अस्थिभंग व अपूर्ण पक्षाघात : शस्त्रोपचार

मणका मोडून मेरुरज्जूला (कण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराला) इजा झाली, तरी इजेच्या पातळीखाली हालचाल वा संवेदना अंशतः शिल्लक असेल, तर त्या अवस्थेस अपूर्ण पक्षाघात म्हणतात. परांचीवरून किंवा झाडावरून पडणे आणि वाहनांचे अपघात ही त्याची नेहमीची कारणे होत. बरगड्यांनी जखडलेली ताठ पाठ संपून लवचीक कंबर जेथे सुरू होते, त्या सांध्याजवळचे मणके विशेषेकरून मोडतात.

निदानात पायाचा अंगठा हलतो का हे पाहतातच. पण गुदद्वाराभोवती टोचलेली टाचणी रुग्णाला कळते का, हे त्याहून निर्णायक असते. दोन्ही पाय लुळे असले, तरी एवढी जाणीव टिकल्यास इजा अपूर्ण ठरते. २००५ मध्ये मांडलेल्या एका गुणपद्धतीत मेरुरज्जूच्या पूर्ण इजेला २, तर अपूर्ण इजेला ३ गुण आहेत, आणि अधिक गुण म्हणजे शस्त्रक्रियेकडे अधिक कल. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते; परंतु वाचवण्याजोगे जेथे अधिक उरले आहे, तेथेच मोडलेल्या हाडाचा मेरुरज्जूवरील दाब काढण्याची निकड अधिक असते.

शस्त्रक्रिया मेरुरज्जू सांधत नाही. रुग्णाला पालथे झोपवून मोडलेल्या मणक्याच्या वरच्या व खालच्या मणक्यांत स्क्रू बसवतात, ते सळ्यांनी जोडतात आणि मधले अंतर ताणून वाढवतात. त्यामुळे ताणल्या गेलेल्या अस्थिबंधाच्या (हाडे जोडणाऱ्या चिवट पट्ट्याच्या) रेट्याने, मागे मेरुरज्जूकडे सरकलेला हाडाचा तुकडा बहुधा पुष्कळसा जागेवर येतो. न आल्यास तो काढावा लागतो. पूर्वी केवळ मणक्याची मागची हाडाची कमान काढून टाकत. त्यात पुढून येणारा दाब तसाच राही आणि कणा मात्र अधिकच डळमळीत होई.

शस्त्रक्रियेच्या वेळेबाबत मानेच्या इजांवरील २०१२ चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. त्यात २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के, तर उशिरा काढलेल्यांपैकी ८.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी हालचाल व संवेदना मोजणाऱ्या श्रेणींत किमान दोन श्रेणींची सुधारणा आढळली. कमरेच्या इजांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण तेथे रज्जू संपून मज्जातंतूंच्या मुळांचा झुबका असतो आणि ती मुळे रज्जूपेक्षा बरी सावरतात.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी उशांच्या आधाराने व ठरावीक वेळाने कूस बदलून, शस्त्रक्रियेविना असे रुग्ण सांभाळले. आज शस्त्रक्रियेचा निर्विवाद लाभ म्हणजे कित्येक आठवडे पडून राहण्याऐवजी रुग्णाला थोड्याच दिवसांत बसवता येते. मूत्राशयाची व त्वचेची निगा मात्र तितकीच ठेवावी लागते.