ध्रुवाजवळच्या समुद्रात तेल आहे, मंग ते निघत काहून नाही?

ट्रॅक्टरात डिझेल टाकून आले की आमचे काकाजी विचारतात, काहून रे बाबू, उत्तर ध्रुवाकडं एवढं तेल आहे म्हणतात, मंग आणत काहून नाहीत? प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि याचं अर्धं उत्तर दर्यापूरकडच्या माणसाला आधीच माहीत असते, कारण आपण खारपाणपट्ट्यातले, इथं बोर मारला की पाणी लागतेच पण ते खारं, ना पिकाला चालत ना प्यायला. खाली आहे आणि कामाचं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी.

2008 मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं अंदाज दिला की आर्क्टिक भागात अजून न सापडलेलं 90 अब्ज बॅरल तेल असावं, जगातल्या न सापडलेल्या तेलाच्या 13 टक्के. त्याच जुलैत तेल बॅरलला 147 डॉलरवर गेलं होतं, त्यामुळं लोकांच्या डोक्यात 90 अब्ज हाच आकडा बसला. पण त्याच अंदाजात स्पष्ट होतं की काढायचा खर्च धरलेला नाही, आणि समुद्रावर बर्फ असला, पाणी खोल असलं तरी तेल काढता येते असं मानून हिशोब केलाय. माझ्या मते सगळी गफलत इथं झाली.

आणि असणं तरी कुठं पक्कं असते? 1983 मध्ये अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या उत्तरेला मकलक नावाच्या जागी कंपन्यांनी समुद्रात गिट्टीचं बेट बांधून विहीर खोदली, लीज म्हणजे जागेचा भाडेपट्टा धरून खर्च अब्ज डॉलरच्या वर. खडकाचा आकार पाहिजे तसाच निघाला, तेलाचे डागही होते, पण तेल नव्हतं, लाखो वर्षांपूर्वीच निसटून गेलेलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर सरकत जाते आणि वरचा घट्ट खडक त्याला अडवून धरतो. ते झाकण गळकं निघालं किंवा खडक कलला की गेलं. भूकंपलहरींच्या सर्व्हेत खडकाचा आकार दिसतो, आत तेल उरलंय का ते विहीर खोदल्यावरच कळते. कोरडा बोर ज्यानं पाह्यला त्याला हे दुःख समजते.

शेल या तेल कंपनीनं 2008 मध्ये अलास्काजवळच्या चुकची समुद्रातल्या लीजसाठी 2.1 अब्ज डॉलर दिले. 31 डिसेंबर 2012 ला त्यांचं कुलुक हे विहीर खोदायचं तरंगतं रिग वादळात ओढून नेताना अलास्काच्या किनाऱ्यावर आदळलं. 2015 ला 6,800 फुटांची एक विहीर पूर्ण झाली, तेल-गॅस थोडा दिसला पण परवडेल एवढा नाही, आणि साधारण 7 अब्ज डॉलर घालवून कंपनी निघून गेली.

खरी अडचण बर्फ आहे बुवा. तिथं काम करायला उन्हाळ्याचे तीन-चारच महिने मिळतात. विहीर फुटली तर ती दाबायला बाजूला दुसरी विहीर खोदावी लागते आणि तेवढ्यात बर्फ आला तर तेल त्याच्याखाली पसरत राहते, गोळा करणं जवळजवळ अशक्य. बर्फाचे मोठे ढीग समुद्राचा तळ नांगरासारखे उकरतात, म्हणून पाइपसुद्धा खोल पुरावे लागतात.

जिथं जमलं तिथली जागाच वेगळी आहे. रशियाच्या प्रिराझलोम्नाया या तेलाच्या जागी पाणी जेमतेम 20 मीटर, म्हणून प्लॅटफॉर्म थेट तळावर बसवला, 2013 अखेर तेल सुरू. नॉर्वेकडं गरम प्रवाहामुळं समुद्र गोठतच नाही, तरी तिथल्या योहान कास्टबर्ग या जागेचं तेल 2011 ला सापडलं आणि निघायला मार्च 2025 उजाडला. काकाजींना मी ही 14 वर्षं सांगितली, तर ते म्हणाले, आणि हे बर्फ नसताना?