ट्यूब बुडत नाही, वाहत जाते

मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात, कुगाव-कळाशीच्या टापूत, वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तेव्हा बोटींच्या सुरक्षेवर पुष्कळ बोललं गेलं. पण आपल्याकडे धरणांवर ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून, तिच्यावर बसून जाळं टाकणारे मच्छीमार आहेत, त्यांचा विषय फारसा निघत नाही. अमेरिकेत हौशी गळवाले खास बनवलेल्या ट्यूबमध्ये बसतात, पायांत पोहण्याचे पंख घालतात. वाऱ्याचं गणित मात्र दोघांना एकच.

‘ट्यूब बुडत नाही, मग भीती कसली?’ हे सर्रास ऐकू येतं. बुडत नाही हे खरं. पण ती एका जागी राहतही नाही.

वारा किंवा पाणी एखाद्या वस्तूला किती जोराने ढकलतं, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: हवेची किंवा पाण्याची घनता, समोर आलेलं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. ट्यूबवर बसलेल्या माणसाचा पाण्यावरचा भाग साधारण ०.६ चौरस मीटर धरू. ताशी २० किलोमीटरचा वारा त्याला सुमारे १.१ किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. वारा ४० झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो: साडेचार किलोच्या आसपास. एवढा जोर पायांनी सतत परतवत राहायचा!

पायच मारले नाहीत तर? ट्यूब वाहू लागते आणि पाणी तिला अडवतं. दोन्ही जोर सारखे झाले की वेग स्थिरावतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन, आणि ८०० चं वर्गमूळ २८. म्हणजे वरचा आणि बुडालेला भाग सारखा असेल, तर ट्यूब वाऱ्याच्या २८ व्या हिश्शाने वाहील. प्रत्यक्षात वरचा भाग दुपटीच्या घरात असतो. त्याचं वर्गमूळ १.४, म्हणून वेग निघतो विसावा हिस्सा. ४० च्या वाऱ्यात ताशी दोन किलोमीटर! पंख लावलेल्या पायांनीही ट्यूब बराच वेळ याहून जोरात रेटता येत नाही.

हेच वर्गमूळ उपायालाही लागू पडतं. दोरीला बांधलेली शंकूच्या आकाराची कापडी पिशवी पाण्यात सोडली की ती पाणी धरते. वेग निम्मा करायचा तर पाण्याखालचं क्षेत्रफळ चौपट हवं, पाव करायचा तर सोळापट. म्हणून पिशवी वेग कमी करते, थांबवत नाही. तळाला टेकणारा नांगर टाकण्याचा मोह टाळावा. जोराच्या वाऱ्यात ताणलेली दोरी ट्यूबची एक कड खाली ओढते.

‘हे पाणी दरवर्षी माणूस मागतं’ अशी समजूत अनेक जलाशयांबद्दल आहे. पाणी काही मागत नाही. काठाकडून आत वाहणारा वारा असला की काठाजवळचं पाणी झाडा-टेकडीच्या आडोशाने शांत दिसतं, आणि माणूस निर्धास्त आत जातो. आत आडोसा संपतो, वारा पाठीमागून ढकलत राहतो आणि परतताना तोच तोंडावर येतो. म्हणून काठावरचं गवत पाहून भागत नाही, मधलं पाणी पाहायचं. तिथे लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, तर वारा २० च्या पुढे गेलाय.

वळवाचे दिवस सगळ्यांत घातक. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि पावसाच्या आधी येऊन पोहोचते. घामाघूम करणाऱ्या उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, वाऱ्याची दिशा फिरली, की जाळं गोळा करत बसू नये.

वारा अंगावर आलाच, तर सरळ त्याच्यावर जाऊन दम घालवू नये. तिरकं, जवळच्या काठाकडे किंवा टेकडीच्या आडोशाकडे सरकत राहावं. अंग जितकं खाली झुकवाल तितकं वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ घटतं. आणि जीवरक्षक जाकीट ट्यूबला बांधून ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं.