सायकलवाल्याचं मत कुठल्या प्रभागात?

आमच्या घरी खिळे, जुन्या चाव्या आणि बंद पडलेली कुलपं ठेवायचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात तळाशी एक बिल्ला आहे. रुपयापेक्षा थोडा मोठा, गोल, कडेला भोक. वर पालिकेचं नाव, मध्ये नंबर. खाली साल होतं, ते घासून गेलंय. वडिलांच्या सायकलच्या हँडलला तारेनं बांधलेला हा बिल्ला म्हणजे सायकल कर भरल्याची पावती. वर्ष बदललं की बिल्ला बदलायचा. पालिकेचे कर्मचारी चौकात उभे राहून सायकली अडवायचे आणि बिल्ला नसलेला गडी त्यांना लांबून बघूनच खाली उतरायचा, सायकल हातात धरून शेजारच्या गल्लीत शिरायचा.

हा कर किरकोळ होता आणि लोक त्याला शिव्या घालायचे. पुढे राज्यातल्या बहुतेक पालिकांनी तो टप्प्याटप्प्यानं सोडून दिला. वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च जास्त, हे कारण खरंच होतं. पण करासोबत आणखी एक गोष्ट गेली. गावात सायकली किती, हे पालिकेच्या वहीत दरसाल लिहिलं जात होतं. ती वही बंद झाली. खान्देशात आज सायकल मार्गाचा विषय निघतो तेव्हा पहिली अडचण हीच येते, की सायकलवाला कागदावर कुठेच नाही.

रस्त्यावर मात्र तो भरपूर होता. जळगावात खान्देश मिलचा भोंगा वाजला की स्टेशनच्या बाजूनं सायकलींचा लोंढा निघायचा. हँडलला डबा, कॅरिअरला छत्री. मिल बंद पडली आणि आता त्या जागेला खान्देश सेंट्रल म्हणतात. अमळनेरला प्रताप मिल होती. भुसावळ तर रेल्वेचंच गाव; त्यात दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, एक गावालगत आणि दुसरी वरणगावला. पाळी सुटली की रस्ता सायकलवाल्यांचा. धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं नवं धुळं आखलं ते सरळ रेषेत, रुंद आणि एकमेकांना समांतर रस्त्यांचं. म्हणून तिथं अजूनही पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगतात. (धुळेकर ही आखणी विश्वेश्वरय्यांच्या नावावर टाकतात. ते १८८४ मध्ये तरुण इंजिनिअर म्हणून इथं होते, पण तोवर गाव आखून साठ वर्षं उलटली होती.) सपाट जमीन, सरळ गल्ल्या, कापसाचा आणि मिलचा व्यवहार. सायकलसाठी याहून सोयीचं गाव कुठलं असणार? ऊन सोडून. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सायकलवाल्याला रस्त्यावरचा वेगळा पट्टा नको असतो, कडुनिंबाची सावली हवी असते.

त्या काळात वेगळा सायकल मार्ग कुणी मागितला नाही, कारण रस्ताच सायकलींचा होता. नियम मात्र होता. इंडियन रोड्स काँग्रेसनं (नावात काँग्रेस आहे, पक्षाशी संबंध नाही, ती रस्ते इंजिनिअरांची संस्था) १९६२ सालीच सायकल मार्गांचं मानक काढलं. गर्दीच्या तासाला मोटारगाड्या २०० च्या वर असतील आणि सायकली १०० जरी असल्या, तरी वेगळा मार्ग विचारात घ्यावा आणि त्याची रुंदी किमान २ मीटर असावी, असा त्याचा आशय. जळगावची अजिंठा चौफुली सकाळी साडेसातला डोळ्यांपुढे आणा. एमआयडीसीतल्या चटई कारखान्यांत आणि डाळ मिलमध्ये जाणारे कामगार, गावाकडून कॅन लावून येणारे दूधवाले, आणि त्यांच्या कोपराला घासून जाणारे ट्रक. साठ वर्षांपूर्वीचं मानक इथं लागू पडावं. पण त्यासाठी कुणीतरी तासभर उभं राहून मोजायला हवं.

चौफुलीची गोष्ट आली म्हणजे महामार्गाची आलीच. जळगावच्या पोटातून मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे जाते आणि तिच्या जोडीनं सुरतहून नागपूरकडे जाणारा महामार्ग. पूर्वीचा ६ नंबर, आता ५३. शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलं आणि शाळा, कॉलेज, दवाखाना, बाजार कशासाठीही तो रस्ता ओलांडणं किंवा त्याच्या कडेनं जाणं भाग पडलं. साइडपट्टी म्हणजे खड्डा, खडी आणि धूळ. डांबर आणि साइडपट्टी यांच्या मधल्या पायरीवरून चाक घसरलं की माणूस ट्रकखाली. जळगावात असं एकही घर नसेल ज्याला या रस्त्यावर गेलेल्या कुणाचं नाव आठवत नाही.

यातून ‘समांतर रस्ते’ हा शब्द जन्माला आला. महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी स्थानिक वाहतुकीसाठी वेगळे रस्ते करा, एवढीच मागणी. आंदोलनं झाली, उपोषणं झाली, कृती समिती उभी राहिली. मला विचाराल तर खान्देशातली सायकल मार्गाची सगळ्यात मोठी चळवळ हीच. फक्त तिच्या फलकावर सायकल हा शब्द नव्हता. मागणाऱ्यांमध्ये डॉक्टर, वकील, व्यापारी होते. पण समांतर रस्ता झाला असता तर सगळ्यात आधी वाचला असता तो डबा लटकवून जाणारा माणूस. पुढे शहरातला महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आले, प्रभात चौक आणि दादावाडीसारख्या ठिकाणी भुयारी मार्ग झाले. मोटारींची सोय झाली. समांतर रस्ते मात्र सलग झाले नाहीत. जिथं आहेत तिथं त्यावर हातगाड्या आणि उभे ट्रक. भुयारी मार्गापर्यंत वळसा घालायला सायकलवाला तयार नसतो, कारण त्याचा वळसा पायांनी होतो, पेट्रोलनं नाही. तो दुभाजकाच्या फटीतून सायकल उचलून नेतो.

महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचा आणि गल्लीबोळ महापालिकेचे, ही वाटणी निवडणुकीच्या राजकारणात फार कामाची असते. ज्या रस्त्यावर माणूस मरतो तो आपला नाही, असं नगरसेवकाला खरेपणानं सांगता येतं.

मग जो आपला आहे त्याचं काय? जळगाव नगरपालिकेची महापालिका झाली ती मार्च २००३ मध्ये, आणि धुळ्याची त्याच वर्षी जूनअखेर. दोन्हीकडे हातात आला तो तुटीचा संसार. जळगावच्या डोक्यावर नगरपालिकेच्या काळातलं, घरकुलासह अनेक योजनांसाठी घेतलेलं हुडकोचं (घरबांधणीला कर्ज देणारी केंद्राची संस्था) कर्ज होतं. शंभर कोटींच्या वर मूळ रक्कम आणि त्यावर वाढत जाणारं व्याज. पालिकेची सतरा मजली इमारत उभी होती, पण खाली रस्त्याला डांबर नव्हतं. या विनोदावर शहरानं कितीतरी वर्षं काढली. राज्य सरकारच्या मदतीनं ते कर्ज एकरकमी मिटलं तेव्हा २०१९ उजाडलं होतं. दरम्यान जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. महापालिकेची स्वतःची कमाई आटली आणि रस्त्याचा पैसा वरून येऊ लागला. कधी राज्याच्या नगरोत्थान योजनेतून, कधी जिल्हा नियोजनातून, कधी थेट मुंबईहून मंजूर झालेल्या विशेष निधीतून. पैसा वरून आला की नारळही वरचाच माणूस फोडतो. फलकावर मंत्री, आमदार, मग नगरसेवक, आणि सगळ्यात बारीक अक्षरात कामाचं नाव. कामाचं नाव कुठलंही वाचून बघा: ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत रस्ता काँक्रिटीकरण करणे’.

सायकल मार्ग या वाक्यात बसत नाही. तो अमुकच्या घरापासून निघून एमआयडीसीच्या गेटपर्यंत सलग जायला हवा. दोनशे मीटरचा सायकल मार्ग म्हणजे फोटो काढायची जागा. आणि सलग न्यायचा तर तो चार-पाच प्रभागांतून जाणार, म्हणजे पंधरा-वीस नगरसेवकांनी मिळून मागायला हवा. तेही ज्याच्या घरासमोरचं पार्किंग जाणार त्या मतदाराला दुखवून. जळगावात २०१३ ला दोनसदस्यीय प्रभाग होते, २०१८ ला चारसदस्यीय झाले: १९ प्रभाग, ७५ जागा. धुळ्यातही १९ प्रभाग, जागा ७४. वाटलं होतं की प्रभाग मोठा झाला तर दृष्टीही मोठी होईल. झालं उलटं. चौघांत रस्ता कुणाचा, यावरच जुंपली. एकानं आणलेल्या कामाच्या फलकावर दुसऱ्याचं नाव नाही म्हणून काम अडलेलं मी आमच्याच भागात पाहिलंय.

२०१८ च्या दोन्ही निवडणुकांत भाजपनं मोठी बाजी मारली. जळगावात ५७ जागा, धुळ्यात ५०. आणि दोन्ही शहरांचा पुढचा काळ खोदकामात गेला. जळगावात अमृत योजनेची जलवाहिनी आणि भुयारी गटार, धुळ्यात देवपूरची भुयारी गटार. आज डांबर, उद्या चर. लोकांचा राग इतका वाढला की रस्ते हाच राजकारणाचा एकमेव विषय उरला. मार्च २०२१ मध्ये जळगावात सत्ताधारी भाजपचे नगरसेवक फुटले आणि महापौरपद शिवसेनेकडे गेलं. त्यामागे बरंच काही होतं, पण लोकांना सांगायला कारण होतं ते रस्त्यांचंच. अशा वेळी महासभेत उभं राहून कुणी सायकल मार्गासाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष मागितलं असतं, तर बाजूच्या खुर्चीवरून ‘काय सांगस भाऊ!’ हेच ऐकू आलं असतं. आधी खड्डे तर बुजू दे.

बाहेरूनही कुणी दार ठोठावलं नाही. २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेत महाराष्ट्रातली पुणे, नाशिक, सोलापूर अशी शहरं होती, खान्देशातलं एकही नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये केंद्रानं शहरांसाठी सायकलस्नेही रस्त्यांची स्पर्धा काढली. स्मार्ट सिटीतली शहरं, राजधान्या आणि पाच लाखांवर लोकसंख्येची शहरं, अशी अट. २०११ च्या गणतीत जळगाव साडेचार लाखांच्या थोडं वर, धुळे पावणेचार. दहा वर्षांत जळगाव कुठल्या कुठे वाढलेलं, पण कागद जुना.

धुळ्यात नदीकाठचा प्रयोग झाला. तेव्हाचे आमदार अनिल गोटे यांनी पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते काढले. त्यावर वाद, कोर्टकज्जे, आरोप-प्रत्यारोप यथेच्छ झाले आणि २०१८ ची महापालिका निवडणूक बऱ्याच अंशी गोटे विरुद्ध त्यांचाच पक्ष भाजप अशी रंगली. नदीकाठ हा सायकलीला सगळ्यात सोपा मार्ग असतो. चढ नाही, चौक कमी. पण तो रस्ता कुणाचा पराक्रम आणि कुणाचं पाप, हेच ठरवण्यात सगळ्यांची ताकद गेली.

मधल्या काळात सायकल परत आली, पण दुसऱ्याच माणसाच्या हातात. हेल्मेट, गिअर, पहाटे मेहरूण तलावाला फेरी, रविवारी पद्मालय. याची टिंगल करायची नाही. ही मंडळी रोज रस्त्यावर असतात आणि अधिकाऱ्याला फोन करू शकतात. ३ जूनच्या सायकल दिनाला रॅली निघते, तिला नेतेही येतात, शंभर मीटर पायडल मारतात, मग मागून येणाऱ्या गाडीत बसतात. या मंडळींमुळे सायकल ट्रॅक हा शब्द जाहीरनाम्यात शिरला खरा, पण त्याचा अर्थ झाला उद्यानाभोवतीचा गोल. कामावर नेणारी सरळ रेघ त्यात आली नाही.

तिसरी सायकल नंदुरबार आणि आजूबाजूच्या मागास तालुक्यांत दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकल मिळते. सातपुड्याच्या पायथ्याला निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग दिसते तेव्हा बरं वाटतं. सायकल सरकार देतं, तिच्यासाठी रस्त्याची कड कुणी देत नाही.

आता मूळ प्रश्न. जळगावच्या एमआयडीसीत सायकलवर येणारा माणूस राहतो कुठे? बराचसा कुसुंब्याला, भादलीला, बहिणाबाईंचं माहेर असलेल्या आसोद्याला. म्हणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत. तो शहराच्या रस्त्यावर रोज दोन तास असतो आणि शहराच्या मतदार यादीत शून्य. जो यादीत आहे त्यानं कर्ज काढून केव्हाच मोटारसायकल घेतलीय. धुळ्यात २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधानसारखी गावं महापालिकेत आली तेव्हा ही गाठ थोडी सुटेल असं वाटलं होतं. पण त्या गावांची पहिली लढाई घरपट्टीची आणि पाण्याची होती, आणि ती रास्तच होती.

जळगाव महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२३ ला संपली, धुळ्याची डिसेंबरात. मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, काही जागा तर त्याआधीच बिनविरोध सुटल्या होत्या. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मी अजिंठा चौफुलीवर चहाच्या टपरीशी उभा होतो. मोटारसायकलींची रॅली आली, गळ्यात गमछे, सायलेन्सर काढलेले. तिच्यामुळे अडकलेला एक सायकलवाला टपरीच्या आडोशाला पाय टेकून थांबला होता. हँडलला डबा, मडगार्डला लाल रिफ्लेक्टर. टपरीवाल्यानं विचारलं, ‘का रे, यांच्यातला कोण पाहिजे तुला?’ तो म्हणाला, ‘आमचं मतदान आसोद्याला, भो. आमची ग्रामपंचायत.’ आणि रॅलीतली फट बघून त्यानं सायकल पुढे काढली.