'लेगो' म्हणजे 'मी जोडतो'? छे!

'लेगो' हा लॅटिन शब्द, अर्थ 'मी जोडतो', म्हणून ठोकळ्यांच्या खेळण्याला ते नाव दिलं, ही माहिती कित्येक वर्षं फिरतेय. ऐकायला झकास, पण खरी नाही.

नाव आलंय 'लेग गॉट' या दोन डॅनिश शब्दांतून. अर्थ साधा: छान खेळ. 'लेगे' म्हणजे खेळणे, हे तिथलं रोजच्या वापरातलं क्रियापद. 'लेग' हे त्याचं आज्ञार्थी रूप. (लिहितात 'लेग', डॅनिश माणूस म्हणतो जवळपास 'लाय'. त्या भाषेत लिहिणं आणि बोलणं यांचं फारसं पटत नाही.) हे क्रियापद प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या 'लेइका'वरून आलं. शेजारच्या स्वीडिशमध्ये तेच 'लेका' झालं. लॅटिनशी त्याचं काही नातं नाही.

आणि जरा सनावळी बघा. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातले सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी हे नाव 1930च्या दशकात ठेवलं. तेव्हा त्यांच्या कारखान्यात लाकडी यो-यो, दोरीने ओढायचं बदक असला माल निघायचा. प्लॅस्टिकचे ठोकळे आले 1949 मध्ये. आतल्या नळ्यांमुळे घट्ट बसणाऱ्या आजच्या ठोकळ्याचं पेटंट तर 1958 चं. जोडायला ठोकळेच नव्हते, तर 'मी जोडतो' असं नाव कोण कशाला ठेवेल?

बरं, लॅटिन 'लेगो'चा नेहमीचा अर्थही 'मी वेचतो' किंवा 'मी वाचतो'. 'जोडतो' हा ओढूनताणून काढलेला. लॅटिनचा हा योगायोग नंतर लक्षात आला, असं खुद्द कंपनीच सांगते.